चौसष्ट नंबरचा शर्ट

रफूमावशीला एका जागी बसता येत नाही. रफू हे बसून करायचं काम आहे, जगातली झाडून सगळी रफूवाली माणसं ते बसूनच करतात. ही बाई खिडकीशी उभी राहून करते. दोन टाके झाले की मशीन का घुरघुरतंय बघायला जाते, तिथून माझ्या टेबलाशी येऊन माझ्या इस्त्रीला नावं ठेवते, परत खिडकीशी जाते आणि तिसरा टाका घालते. पायाला भिंगरी बांधून जन्माला आली आहे. अकरा वर्षं मी तिच्याबरोबर काम करते आहे, आणि या अकरा वर्षांत आम्ही रोज एकदा तरी भांडलो आहोत.

कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर धुलाईघर आहे. चार मशिनं, दोन बाया. ती कपडे घेते, धुते, वाळवते, मी इस्त्री करते आणि रजिस्टर लिहिते. प्रत्येक मुलीला एक नंबर असतो आणि तिच्या कपड्यांवर आतल्या बाजूने लाल दोऱ्याने तो घातलेला असतो. त्यामुळे आम्हाला मुली नंबरानेच माहीत. बारा नंबर मोजे हरवते. नव्वद नंबरच्या खिशात कायम पेनाचं टोपण. मुली आम्हाला रफूमावशी आणि इस्त्रीकाकू म्हणतात. मावशी मला ‘गरम डोक्याचे’ म्हणते. वर म्हणते, "तुझ्यापेक्षा तुझी इस्त्री बरी, निदान बटण बंद केलं की थंड होते."

रफू करणं खरं तर तिचं काम नाही. तिला पगार धुण्याचा मिळतो. पण फाटका कपडा तिच्याने परत देववत नाही. शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडातून ती त्याच कपड्याचे दोरे ओढून काढते आणि त्याच दोऱ्यांनी भोक विणून टाकते. मग तुम्ही भिंग घेऊन बसा, सापडणार नाही. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की दिसली ती रफूच नव्हे. हे वाक्य ती आठवड्यातून दोनदा तरी ऐकवते.

आता रजिस्टरचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. त्यात एक रकाना आहे, ‘कपड्याची अवस्था’. नवीन होते तेव्हा मी शहाणपणा करून एका स्वेटरपुढे ‘बाही फाटलेली’ असं खरं लिहिलं. आठ दिवसांत ऑफिसातून कागद आला, की बाही तुमच्या मशीनमध्ये फाटली नाही हे सिद्ध करा. सहा आठवडे मी खुलासे लिहीत होते. शेवटी मावशीच म्हणाली, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू ‘ठीक’ लिही, मी शिवून टाकते. ना त्यांना त्रास, ना आपल्याला." तेव्हापासून सगळ्या कपड्यांपुढे मी ‘ठीक’ लिहीत आले. फाटका आला तरी ठीक, जळका आला तरी ठीक. नंतर नंतर तर मी कपडा न बघताच लिहायचे.

चौसष्ट नंबरचा शर्ट एका सोमवारी सकाळी आला. हिरव्या चौकटींचा, सुती. मावशीने पिशवीतून काढून तो झटकला आणि तशीच हातात धरून उभी राहिली. तिसरं आणि चौथं बटण नव्हतं, आणि नुसतं बटण तुटलं नव्हतं, खालच्या कापडाचा तुकडा घेऊन निघालं होतं. उजव्या खांद्याशी कापड फाटलं होतं. शिवण शाबूत होती, शिवणीच्या शेजारचं कापड फाटलं होतं. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि जवळ गेले.

"खिळ्याला अडकला असेल," मी म्हणाले.

"हो. असेल," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. आम्हाला दोघींनाही कळलं होतं, हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मी रजिस्टरकडे गेले आणि चौसष्टपुढे लिहिलं, शर्ट एक, ठीक.

मावशीने तो शर्ट दोनदा धुतला, आणि मग दिवसभर त्याची रफू केली. इतकं सुंदर काम मी तिच्या हातून क्वचित पाहिलं आहे. बटणांच्या जागी आतून त्याच कापडाची ठिगळं लावली, आपल्या डब्यातून जुळणारी बटणं शोधली, खांदा विणला. बुधवारी मी इस्त्री केली तेव्हा मला स्वतःला जागा सापडेना. चौसष्ट नंबर घ्यायला आली. दुसऱ्या वर्षाची, शांत, जाड भिंगांच्या चष्म्याची मुलगी. मावशी तिला म्हणाली, "बघ, नव्यासारखा झालाय. कुणाला कळणारसुद्धा नाही." मुलगी शर्टाकडे बघत राहिली, मग ‘हो’ म्हणाली आणि गेली.

तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात, सोमवारीच, चौसष्टची खोलीतली मैत्रीण एकटीच दोघींच्या पिशव्या घेऊन आली. चेहरा उतरलेला. मावशीने विचारलं, तर पोरगी भडाभडा बोलायला लागली.

चौसष्टने कॉलेजच्या तक्रार समितीकडे तक्रार केली होती. वादविवाद मंडळाचा प्रमुख, शेवटच्या वर्षाचा मुलगा, सगळ्या सरांचा लाडका. सरावानंतर दुपारी त्याने तिला मागच्या खोलीत थांबवून घेतलं, दार लावलं, आणि तिच्यावर जबरदस्ती केली. ती कशीबशी सुटून पळाली, पण त्याआधी व्हायचं ते होऊन गेलं होतं. हे सांगायला तिला दोन आठवडे लागले. समितीने विचारलं, शर्ट फाटला म्हणतेस, तो आण. तिने आणला. तर अखंड.

"ती म्हणाली धुलाईघरात शिवला असेल," मैत्रीण म्हणाली. "मग त्यांनी तुमचं रजिस्टर मागवलं. त्यात लिहिलंय ठीक. आता तो मुलगा म्हणतो, बघा, सगळं रचलेलं आहे. गुरुवारी शेवटची बैठक आहे. हे असंच राहिलं तर तक्रार खोटी ठरणार, काकू. वर तिच्यावरच कारवाई होईल म्हणतात."

खरंच शुक्रवारी अधीक्षक मॅडम येऊन रजिस्टर घेऊन गेल्या होत्या. कशाला ते सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आपण बरं, आपलं काम बरं. मला त्या समितीचा भयंकर राग आला. मुलीचा शब्द पुरत नाही, यांना शर्टाचा शब्द हवा! मग लक्षात आलं, की शर्टाचं तोंड आम्हीच शिवलं आहे आणि वर माझ्या अक्षरात शिक्का मारून दिला आहे. मग तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

पुढचे तीन दिवस धुलाईघरात एक काम धड झालं नाही. मावशी मशीन लावायची आणि साबण घालायला विसरायची. सुई ओवायची आणि ओवलेली सुई तशीच टोचून ठेवून दारापर्यंत जाऊन यायची. दार, खिडकी, मशीन, पुन्हा दार. मी एका उशीच्या अभ्र्यावर इस्त्रीचा चांगला तपकिरी ठसा उमटवला. एरवी तिने मला त्यावरून महिनाभर बोलून घेतलं असतं. या वेळी तिने तो अभ्रा नुसता घडी करून बाजूला ठेवला, त्याने मला जास्तच कसंतरी झालं.

बुधवारी मी अधीक्षक मॅडमकडे गेले. म्हटलं, त्या शर्टाबद्दल आम्हाला थोडं सांगायचं आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रजिस्टर आलंय ना? मग झालं. तुम्हाला कुणी बोलावलंय का?" मी नाही म्हणाले. "मग हात दाखवून अवलक्षण कशाला करता? रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं म्हणालात, तर नोकरीचं काय होईल ते मी सांगायला हवं का?" त्या रागावून नाही, समजावून म्हणाल्या. मला वाटतं त्यांना खरंच आमची काळजी होती. मी खाली आले आणि मावशीला सगळं सांगितलं.

"मी जाते," मावशी म्हणाली. "तुझं नाव घेणार नाही. म्हणेन, अक्षर माझंच आहे."

"तुझं अक्षर? तू सही करतेस तेव्हा पगारवाटपवाला दोनदा विचारतो, हे काय काढलंय म्हणून."

तेवढ्यापुरतं ती हसली. मग एकदम माझ्यावरच उखडली. "तर काय करू? गप्प बसू? माझ्या हाताने मी त्या पोरीचं वाटोळं केलं!"

"मला दोन मुली आहेत शाळेत," मी ओरडले. "घरात कमावणारी मी एकटी! तुझा नवरा घरी पेन्शन घेऊन रेडिओ ऐकतो, तुला काय जातंय बोलायला?"

मशीन थांबलं, ओले कपडे आत तसेच पडून राहिले. मग ती माझ्या टेबलाशी आली आणि दुसरीकडे बघत बोलायला लागली. तिच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

सतरा वर्षांची असताना ती तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथल्या मुकादमाने एकदा तिला कापडाच्या गोदामात गाठलं. घरी आली तेव्हा बाहीपासून अंगावरचं फाटलेलं होतं. आईने पाहिलं. काही विचारलं नाही. तिला दुसरे कपडे दिले आणि ते फाटकं हातात घेऊन शिवत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घडी करून तिच्या उशाशी ठेवलेलं होतं. कुठे फाटलं होतं ते ओळखूही येत नव्हतं.

"मला वाटायचं, आईने किती माया केली," मावशी म्हणाली. "चारचौघांत अब्रू राखली. एका शब्दाने मला टोचलं नाही. त्या पोरीवर मी तीच माया करायला गेले गं. आणि आज तीन दिवस माझ्या डोक्यात एकच येतंय. तो मुकादम पुढे बारा वर्षं त्या कारखान्यात होता. माझ्या मागून किती पोरी आल्या तिथे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं, तिला नाही आलं. ती म्हणाली, मशीनमधले कपडे वास मारतील, काढ.

गुरुवारी आम्ही दोघी गेलो. बोलावणं नव्हतंच. बैठकीच्या खोलीबाहेरच्या शिपायाने अडवलं, तर मावशी त्याला म्हणाली, "तुझा पांढरा शर्ट कुणी वाचवला रे गेल्या वर्षी?" त्याने दार उघडलं.

लांब टेबल. मधोमध अध्यक्ष, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. एका बाजूला आमचे इतिहासाचे सर, दुसऱ्या बाजूला बाहेरून नेमलेल्या सदस्य, वकीलबाई. चौसष्ट नंबर एका खुर्चीवर, मांडीवर हात. मुलाला शेजारच्या खोलीत बसवलेलं होतं. टेबलावर तो हिरवा शर्ट आणि आमचं रजिस्टर. अधीक्षक मॅडम कोपऱ्यात होत्या, आम्हाला बघून त्यांनी डोळे मिटले.

"हा शर्ट मी शिवलाय," मावशी दारातूनच म्हणाली. "फाटका आला होता."

इतिहासाच्या सरांनी रजिस्टर पुढे केलं. "इथे तर ठीक लिहिलंय."

आता माझी पाळी होती. "ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "खोटं आहे. मी सगळ्यांपुढे ठीकच लिहिते." आणि स्वेटरपासूनची सगळी हकीकत सांगितली. अध्यक्षांनी दोन पानं उलटली, आणखी दोन उलटली. त्या रजिस्टरात सहा वर्षांच्या नोंदी होत्या, आणि त्यात एकही कपडा फाटका आला नव्हता. असं वसतिगृह जगात कुठे नसेल.

"पण शर्टावर काहीच दिसत नाही," सर म्हणाले.

"मग रफू कशाला म्हणतात तिला?" मावशी म्हणाली. मला वाटलं, बाई, इथे तरी तोंड आवर. पण तिने शर्ट उचलला होता. "ही बटणं बघा. कारखान्यात दोन आडव्या रेघांनी बसवतात. वरची दोन तशी आहेत. ही दोन माझी, मी फुली घालते." अध्यक्षांनी भिंग मागवलं नाही, नुसत्या डोळ्यांनीच ते दिसत होतं. "बसा ना," त्या म्हणाल्या. मावशी बसली नाही. तिने कमरेची छोटी कात्री काढली.

"उसवू?" तिने विचारलं. अध्यक्षांना नाही, चौसष्ट नंबरला. मुलीने मान हलवली.

त्याला अर्धा तास लागला. रफू करण्यापेक्षा उसवणं अवघड, कारण मूळचा दोरा तुटता कामा नये. तेवढा वेळ मावशी जागची हलली नाही. ते मी पहिल्यांदाच पाहत होते. एकेक टाका कापून, सुईच्या टोकाने वर उचलून ती ओढून काढत होती. आधी एक बटण सुटलं, मग दुसरं. मग आतली ठिगळं निघाली आणि दोन भोकं उघडी पडली. मग खांदा. हळूहळू तो शर्ट त्या सोमवारी होता तसा टेबलावर आला. चौसष्ट नंबरने चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा लावला. तिने नजर वळवली नाही.

"खिळ्याला अडकूनही फाटू शकतो," सर म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"खिळ्याला अडकलेला कपडा कोपरा करून फाटतो, सर. असा, दोन बाजूंनी. तीस वर्षं तेच शिवतेय मी. आणि खिळा दोन बटणं नाही उपटत. हे बघा, दोन्ही भोकांचे धागे एकाच बाजूला ताणलेत. समोरून मुठीत धरून ओढलंय कुणीतरी. आणि हा खांदा ती मागे वळली तेव्हाचा."

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "हो. मी दाराकडे वळले होते," ती म्हणाली. तिने हे आधीच्या जबाबातही सांगितलं होतं. वकीलबाईंनी ते पान काढून सरांपुढे सरकवलं.

मग वकीलबाईंनी मावशीला विचारलं, "असे कपडे याआधी आले होते?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. "आले होते," ती म्हणाली. "आठवणीत आहेत ते चार. एक पिवळा होता, एकशे दोन नंबरचा. ती मुलगी परीक्षा न देता गेली." ती एकेक सांगत गेली. कुठल्या वर्षी, कुठला नंबर, कुठे फाटलेला. टिपणं घेणाऱ्या कारकुनाला लिहिता लिहिता थांबावं लागलं, कारण अध्यक्ष उठून खिडकीकडे गेल्या होत्या.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. तक्रार खरी ठरली, मुलाला कॉलेजातून काढलं. वकीलबाई चौसष्टबरोबर पोलिसांतही गेल्या, ते प्रकरण अजून चालू आहे. मागच्या खोलीचं दार बदलून काचेचं केलं. त्या चार नंबरांच्या मुलींना अध्यक्षांनी स्वतः पत्रं लिहिली. दोघींची उत्तरं आली. आम्हाला दोघींना एकेक ताकीदपत्र मिळालं, नोकरी राहिली. आणि आम्हाला बोलावून शिकवलं, की असा कपडा आला तर धुवायचा नाही, शिवायचा नाही. कागदी पिशवीत घालायचा, प्लॅस्टिकच्या नाही. मुलीला बाजूला घेऊन विचारायचं, ती हो म्हणाली तर समुपदेशकबाईंना फोन करायचा. मावशी कुरकुरली, हे शिकवायला एवढी वर्षं कुठे होतात म्हणून. पण फोन नंबर तिने पाठ केला.

रजिस्टरमध्ये मी आता खरं लिहिते. ऑफिसातून खुलासे मागणारे कागद पुन्हा येतात. मी तापते, मावशी हसते.

महिन्याभराने चौसष्ट नंबर कपडे घेऊन आली. आधी मैत्रीणच यायची. मावशीला इतका आनंद झाला की तिने मोजायच्या आधीच पिशवी मशीनमध्ये उलटी केली. मुलगी गेली नाही. काउंटरशी उभी राहिली.

"मावशी, एक विचारू? त्या सोमवारी शर्ट बघितल्यावर तुम्हाला कळलं होतं का?"

"हो," मावशी म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही हो म्हणाले.

"मला वाटलंच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "मला सुईदोरा येतो, मावशी. धुताही येतं. फेकून दिला असता तरी चाललं असतं. आईला फोनवर सांगता येईना, मैत्रिणीला सांगता येईना. म्हणून मी तो मुद्दाम तुमच्याकडे दिला. म्हटलं, बघितला की त्या विचारतील, काय झालं गं पोरी. बुधवारी घ्यायला आले ना, तेव्हासुद्धा मला वाटत होतं, आता विचारतील."